तेलकट, खोलगट जुना कोटिक्यूल: किती घासावा आणि कुठे थांबावे?

लिएजवासी

नमस्कार. नोकरीनिमित्त मी बेल्जियममधील लिएज शहरात राहतो आणि दाढी जुन्या पद्धतीच्या वस्तऱ्याने करतो. वस्तरा जर्मनीतील झोलिंगेनचा, पाच अष्टमांश इंच रुंदीच्या पात्याचा आहे. येथून दक्षिणेला आर्देनच्या डोंगराळ भागात, व्हिएल्साल्मच्या परिसरात निघणाऱ्या पिवळ्या कोटिक्यूलचा, म्हणजे धार लावण्याच्या नैसर्गिक खडकाचा, एक जुना दगड मला नुकताच जुन्या वस्तूंच्या बाजारात मिळाला. धार लावण्याचे नवे, कृत्रिम दगड माझ्याकडे आहेत आणि त्यांची निगा मला ठाऊक आहे. मात्र इतका जुना नैसर्गिक दगड मी प्रथमच हाताळत आहे, म्हणून काही करण्याआधी विचारतो.

दगड २० सेंमी लांब आणि ५ सेंमी रुंद आहे. वरचा थर फिकट पिवळा, खालचा जांभळट निळा. काठापाशी मोजला तर पिवळा थर ६ मिमी भरतो. आधीच्या मालकाने त्यावर वर्षानुवर्षे तेल वापरले असावे, कारण पृष्ठभागावर तपकिरी, चिवट कीट बसले आहे आणि पाणी टाकले तर ते पसरत नाही, थेंब होऊन उभे राहते. पोलादी पट्टी दगडावर उभी धरून मागे दिवा लावला की लांबीच्या मधोमध सुमारे १ मिमी आणि रुंदीच्या मधोमध सुमारे ०.३ मिमी फट दिसते. शिवाय एका टोकाला, दोन थरांच्या जोडावर, नखाएवढी लांब भेग आहे.

तेल कशाने काढावे आणि ते पूर्ण काढणे आवश्यक आहे का, हा माझा पहिला प्रश्न. खोलगटपणा मुळापासून घालवायचा तर पिवळ्या थराचा बराच भाग घासून टाकावा लागेल, आणि असा दगड पुन्हा सहज मिळणारा नसल्याने ते माझ्या जिवावर येते. भेग पुढे सरकू नये म्हणून काय करावे, आणि शेवटचा पृष्ठभाग किती गुळगुळीत ठेवावा, याबद्दलही मार्गदर्शन हवे आहे. याच दगडाबरोबर लाकडी पेटीतला एक छोटा, काळा, काचेसारखा कठीण दगडही मिळाला असून पेटीच्या झाकणावर ‘अर्कान्सा’ असे लिहिले आहे. त्यालाही हीच पद्धत चालेल का?

पाते_आणि_पाठ

आपण दगडाला हात लावण्यापूर्वी विचारलेत हे फार चांगले झाले, कारण जुन्या दगडांचे खरे नुकसान वापराने होत नाही, ते घरी आणल्यावर पहिल्या दिवशी उत्साहाने केलेल्या साफसफाईत होते.

सुरुवात भेगेपासून करा, तेलापासून नव्हे. कोटिक्यूलच्या शिरा काही सेंटिमीटरच जाडीच्या असतात आणि नुसता पिवळा दगड ठिसूळ असतो, म्हणून त्याला खाली निळ्या दगडाचा किंवा पाटीच्या दगडाचा आधार देण्याची पद्धत जुनी आहे. काही दगडांत पिवळा आणि निळा थर खाणीतच एकमेकांना जुळलेले असतात, तर काहींत ते कारखान्यात चिकटवलेले असतात. दगडाची कड ओली करून भिंगातून पाहा. सीमारेषा वेडीवाकडी असेल आणि एक रंग दुसऱ्यात मिसळत गेलेला दिसत असेल, तर तो जोड नैसर्गिक आहे. रेषा पट्टीने आखल्यासारखी सरळ असेल आणि तिच्यात गडद रंगाचा बारीक धागा दिसत असेल, तर तो जोड चिकटवलेला आहे. आपण भेगेचे जे वर्णन केले आहे त्यावरून मला दुसरी शक्यता अधिक वाटते.

जोड चिकटवलेला असेल तर उकळते पाणी, रात्रभर भिजत घालणे, ओव्हनची ऊब आणि ॲसिटोनसारखी द्रावके, या चारही गोष्टी वर्ज्य समजा. जुना चिकटपदार्थ उष्णतेने मऊ होतो आणि द्रावकाने विरघळतो, आणि मग नखाएवढ्या भेगेऐवजी दोन सुटे दगड हाती येतात. भेग कोरड्या ब्रशने साफ करा, दगड दोन दिवस साध्या खोलीत सुकू द्या आणि पातळ, सावकाश सुकणारे इपॉक्सी टाचणीच्या टोकाने भेगेत आत जाईल तेवढे सोडा. वरून सांडलेले लगेच पुसा, हलक्या दाबाने बांधून ठेवा आणि पूर्ण एक दिवस त्याला हात लावू नका. घासताना आत शिरलेले पाणी आणि दगडाचा गाळ भेगेला पाचरीसारखे फाकवत नेतात, म्हणूनच हे काम सर्वांत आधी करायचे.

तेलाची चिंता मात्र फारशी करू नका. कोटिक्यूल घट्ट दगड आहे, तो पाणी पीत नाही आणि म्हणून तेलही त्यात खोल उतरत नाही. दिसते ते बहुतेक वरचे कीट असते. भांडी घासायचा द्रव साबण थेट पृष्ठभागावर पसरा, अर्धा तास राहू द्या, जुन्या टूथब्रशने कोमट पाण्यात घासा आणि हेच पुन्हा करा. चिवट डाग उरले तर व्हाइट स्पिरिटमध्ये (रंग पातळ करण्याच्या द्रावकामध्ये) किंचित भिजवलेल्या कापडाने फक्त वरचा पृष्ठभाग पुसा, जोडाकडे ओघळ जाऊ देऊ नका. पाणी थेंब न होता पसरू लागले की तेल पुरेसे निघाले असे समजावे. बाकीचे सपाट करताना आपोआप जाईल.

सपाट करण्यासाठी १० किंवा १२ मिमी जाडीची काच किंवा पॉलिश केलेली ग्रॅनाईटची फरशी घ्या. (भारतातून वाचणाऱ्यांसाठी सांगतो, काचेच्या दुकानात असे तुकडे सहज मिळतात, शहाबादी फरशी किंवा कडप्पा डोळ्याला सपाट दिसला तरी या कामाला तो चालत नाही.) तिच्यावर २२० नंबरचा वॉटर पेपर पाण्याने चिकटवा, दगडावर पेन्सिलने चौकटी आखा आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखी हालचाल करत, मधूनमधून दगडाची टोके उलटसुलट फिरवत घासा. चौकटी कुठे पुसल्या आणि कुठे राहिल्या हे पाहत राहा. मग ४०० आणि शेवटी ६०० नंबर. दोन नंबरांच्या मध्ये दगड, काच आणि हात वाहत्या पाण्याखाली धुवा, कारण मागच्या नंबरचा एक कणही शेवटच्या पृष्ठभागावर ओरखडा सोडतो. सर्व कडांना एक-दीड मिलिमीटरचा उतार द्यायला विसरू नका. टोकदार कडेवरून वस्तऱ्याची धार घसरली तर तिचा टवका उडतो.

खडकवेडा

वरील उत्तराशी मी सहमत आहे. शेवटच्या पृष्ठभागाविषयी त्यामागचे कारण तेवढे जोडतो, कारण ते कळले की काळ्या दगडाच्या प्रश्नाचे उत्तरही मिळते.

कोटिक्यूलमध्ये धार लावण्याचे काम स्पेसार्टीन नावाचा मँगनीजयुक्त गार्नेट, म्हणजे एक कठीण खनिज, करतो. त्याचे कण साधारणपणे ५ ते २० मायक्रॉनचे असून ते अभ्रक आणि क्वार्ट्झच्या अतिशय बारीक वस्तुमानात रोवलेले असतात. कणांच्या आकाराकडे पाहिले तर हा दगड दाढीच्या धारेला जाडाभरडा ठरायला हवा; परंतु गार्नेटचे स्फटिक अनेक पैलूंचे आणि गोलसर असल्याने पोलादात खोल चर पाडत नाहीत, आणि म्हणून धार अपेक्षेपेक्षा कितीतरी मऊ येते. दगड घासून काढलेल्या गाळात, ज्याला सगळे स्लरी म्हणतात, हे कण सुटे होऊन लोळतात आणि वेगाने कापतात. नुसत्या पाण्यावर ते अर्धे रोवलेले राहतात आणि फार थोडे कापतात. प्रत्येक वेळी स्लरी काढली की पृष्ठभागाचा पातळ थर नव्याने उघडा होतो, त्यामुळे कोटिक्यूल ६०० नंबरच्या पुढे आरशासारखा चमकवण्यात श्रम घालवण्याचे कारण नाही.

आपला काळा दगड याच्या अगदी उलट स्वभावाचा आहे. अर्कान्साचा दगड म्हणजे नोव्हाक्युलाइट, अमेरिकेतील वॉशिटा पर्वतरांगांमध्ये सापडणारा, जवळजवळ शुद्ध सिलिका असलेला खडक. तो स्लरी देत नाही, सहजासहजी झिजत नाही आणि आपला पृष्ठभाग स्वतःहून नवा करत नाही. म्हणून त्याला जसा पृष्ठभाग द्याल तसाच तो पुढे अनेक वर्षे वागेल. एकाच दगडाची एक बाजू २२० वर सोडली आणि दुसरी ६०० वर नेऊन घोटली, तर त्या दोन बाजू दोन वेगळ्या दगडांसारखे काम करतात, आणि या दगडाची निगा राखण्यातले सगळे मर्म याच गोष्टीत आहे असे मी मानतो. तो सपाट करण्यासाठी डायमंड प्लेट, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेली पट्टी, वापरू नये, कारण प्लेटचीच चाळण होते. काचेवर सिलिकॉन कार्बाइडची सुटी पूड आणि पाणी घेऊन, १२० पासून टप्प्याटप्प्याने ६०० पर्यंत जावे. त्यानंतर एखादी रुंद पटाशी किंवा जाड पोलादी तुकडा तेलाच्या थेंबावर दाब देऊन त्यावर बराच वेळ घासावा, म्हणजे उभे राहिलेले सूक्ष्म सुळके बोथट होतात आणि पृष्ठभाग वस्तऱ्याच्या योग्यतेचा होतो. तोवर त्यावर वस्तरा ठेवू नये. ही बाजू एकदा तयार झाली की ती पुन्हा खरवडण्याचा मोह टाळावा. फक्त साबणाने धुवावी.

तेलाबद्दल एक सूचना. या दगडावर शिवणयंत्राचे पातळ खनिज तेल वापरावे. जवसाचे, करडईचे किंवा सूर्यफुलाचे तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून हळूहळू घट्ट, चिवट थर बनवते, आणि आपल्या कोटिक्यूलवरचे तपकिरी कीट तशाच एखाद्या तेलाचे असण्याचा संभव मोठा आहे.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. कोणताही दगड कोरडा घासू नका. या खडकांमधील स्फटिकरूप सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात गेली की बाहेर निघत नाही. मध्य प्रदेशातील मंदसौरच्या पाटीच्या पेन्सिली बनवणाऱ्या कामगारांना याच धुळीमुळे सिलिकोसिसने तरुणपणी ग्रासले, हा आपल्याच देशातला अनुभव आहे. घरी एकदोन दगड ओल्याने घासण्यात तेवढा धोका नाही, मात्र ओटा आणि फरशी गाळ वाळण्याच्या आत ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, झाडूने झाडू नये.

सांगलीकर_सलून

आमच्या घरात तीन पिढ्या सलूनचा व्यवसाय आहे. आता दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे अर्धे ब्लेड लागते आणि ते योग्यच आहे. त्यामुळे जुने वस्तरे आणि दगड कपाटात असतात, पण त्यांची निगा मी स्वतः ठेवतो. मला पाते_आणि_पाठ यांच्या एका मुद्द्याशी असहमती नोंदवायची आहे. हा दगड सर्व दिशांनी पूर्ण सपाट करण्याची गरज नाही.

वस्तरा दगडावर आडवा ठेवला जातो आणि त्याची पाठ व धार दोन्ही एकाच वेळी टेकतात. धारेचा कोन हाताने धरावा लागत नाही, तो पाठीच्या जाडीनेच ठरतो. पाच अष्टमांश इंच म्हणजे सुमारे १६ मिमी रुंदी आणि पाठीची जाडी साधारण ४.५ मिमी धरली, तर हा कोन सुमारे १६ अंश येतो. आता २० सेंमी लांबीत १ मिमी खोलगटपणा म्हणजे ५ मीटर त्रिज्येचा वर्तुळाचा तुकडा. पाठीपासून धारेपर्यंतच्या १६ मिमी अंतरात त्याची खोली सहा-सात मायक्रॉन एवढीच होते आणि धारेच्या कोनात पडणारा फरक प्रत्येक बाजूला अंशाच्या दहाव्या भागाएवढा. तो फरक हाताला जाणवणारही नाही.

रुंदीचा खोलगटपणा मात्र वेगळी गोष्ट आहे. धारेची सरळ रेषा दगडाच्या ५ सेंमी रुंदीवर आडवी पसरते, आणि तिथे ०.३ मिमी फट म्हणजे ३०० मायक्रॉन. मधे धार दगडाला टेकतच नाही, सगळा भार दगडाच्या दोन कडांवर येतो आणि पात्याचा काही भाग नेहमी अपुरा राहतो. म्हणून रुंदी सपाट करा, लांबी मोठ्या प्रमाणात तशीच राहू द्या. त्यासाठी दगड काचेवर घासू नका, उलट करा: सात-आठ सेंमीची छोटी डायमंड प्लेट किंवा वॉटर पेपर चिकटवलेला जाड काचेचा तुकडा दगडावर ठेवून, आडव्या व तिरक्या हालचालींनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. छोटा तुकडा लांबीच्या वळणाबरोबर चालतो आणि रुंदी सरळ करत जातो. पिवळा थर ०.३ मिमीपेक्षा फार जास्त जाणार नाही.

याला एक अट आहे. अशा दगडावर कोन किंचित मोठा होत असल्याने प्रथम अगदी धारच टेकते, म्हणून तो शेवटचा दगड म्हणून वापरावा. यावरून वस्तरा पुन्हा सपाट दगडावर नेला, तर तिथे धारेच्या मागचा खांदा, म्हणजे घासलेल्या पट्टीची पाठीकडची कड, आधी टेकेल आणि धार येईपर्यंत जास्त वेळ घासावे लागेल. लोक नेमके हे न ओळखता दगडाला दोष देतात.

आमच्याकडे दुकानात दगड खोलगट होऊ नये म्हणून दोन सवयी लावल्या जात. प्रत्येक वेळी दगड टोकाने उलटा फिरवून ठेवायचा, आणि स्लरी काढताना छोटा घासदगड मधे न फिरवता मुद्दाम चार कोपऱ्यांकडे न्यायचा, कारण वस्तरा कोपऱ्यांना सर्वांत कमी झिजवतो.

पाते_आणि_पाठ

सांगलीकरांचा हिशेब बरोबर आहे आणि जुन्या, पातळ थराच्या दगडासाठी मी तो स्वीकारतो. एवढेच म्हणेन की याच एका दगडावर, स्लरीपासून पाण्यापर्यंत, सगळे काम करायचे असेल तर अट आपोआपच पाळली जाते. आपण त्याला कृत्रिम दगडांच्या मालिकेत मधेच बसवणार असाल तर मात्र लांबीही थोडी सुधारून घ्या. पिवळा थर तीन मिलिमीटरच्या खाली गेलेला असता तर मी रुंदीसुद्धा पूर्ण सरळ करा असे म्हटले नसते.

लिएजवासी

सर्वांचे मनापासून आभार. कड ओली करून पाहिली. रेषा सरळ आहे आणि तिच्यात काळपट धागा स्पष्ट दिसतो, म्हणजे जोड चिकटवलेलाच आहे. भेगेत इपॉक्सी भरले, साबणाने कीट काढले आणि छोट्या प्लेटने रुंदी सरळ केली. कीट गेल्यावर पिवळ्या पृष्ठभागावर दोन फिकट करड्या रेषा दिसू लागल्या आहेत, त्या नखाला लागत नाहीत. एका टोकाला तेलाचा मंद डागही राहिला आहे.

काल स्लरीवर वस्तरा लावून पाहिला. हातावरचे केस सहज निघतात, परंतु दाढी करताना हनुवटीवर पाते अडते. चामड्याच्या पट्ट्यावर अधिक वेळ फिरवूनही फरक पडला नाही. दोष पृष्ठभागाचा आहे की माझ्या पद्धतीचा?

पाते_आणि_पाठ

नखाला न लागणाऱ्या रेषा आणि डाग, दोन्ही सोडून द्या. रेषा दगडाच्या थरांतल्याच असतात आणि धारेला त्रास देत नाहीत. नखाला अडकणारी रेष असती तरच काळजी होती.

दोष दगडाचा नाही. स्लरीत सुटे गार्नेट वेगाने कापतात खरे, पण धारेचे अगदी टोक त्या कणांवर आदळत राहते आणि एका मर्यादेपलीकडे तीक्ष्ण होत नाही. हातावरचे केस निघणे आणि हनुवटीवर अडणे, ही नेमकी त्या मर्यादेची खूण आहे. पट्टा ते भरून काढू शकत नाही. उपाय स्लरी हळूहळू पातळ करण्यात आहे. सुरुवात सायीच्या दुधाएवढ्या दाट स्लरीने करा आणि पुढेमागे छोट्या हालचालींनी पात्याच्या संपूर्ण लांबीवर हातावरचे केस निघेपर्यंत थांबू नका. एखादा भाग मागे राहिला असेल तर तो इथेच सुधारायचा, पुढे सुधारत नाही. मग बोटाने पाण्याचे दोन थेंब टाका, पूर्ण लांबीचे तिरके फटके मारा, पुन्हा दोन थेंब. घाई केली आणि एकदम पाणी ओतले तर धार दाट स्लरीच्या पातळीवरच अडकून राहते. प्रत्येक टप्प्यावर दाब कमी करत न्या, शेवटी केवळ पात्याचे स्वतःचे वजन असावे. पाणी स्वच्छ दिसू लागले की दगड आणि वस्तरा दोन्ही धुऊन नुसत्या पाण्यावर आणखी फटके मारा. या टप्प्यावर पाते दगडाला किंचित चिकटल्यासारखे ओढले जाते आणि धारेपुढे पाण्याची बारीक लाट चालू लागते. तसे झाले की पट्ट्याकडे वळा, आणि दाढीची परीक्षा त्यानंतरच घ्या.

नुसत्या पाण्यावरही पाते गुळगुळीत न होता खरखरत राहिले, तर प्लेटचे ओरखडे अजून शिल्लक आहेत असे समजा. तेव्हा नवा वॉटर पेपर न घेता कोटिक्यूलच्याच छोट्या तुकड्याने सगळ्या पृष्ठभागावर स्लरी काढून धुऊन टाका. दोनतीन वेळा असे केले की ओरखडे जातात आणि थरही फारसा खर्च होत नाही.

काम झाल्यावर दगड कापडाने पुसून आडव्या कडेवर उभा ठेवा, म्हणजे दोन्ही बाजू आणि जोड सारखे वाळतात. आपल्याकडे हिवाळ्यात घरात रेडिएटर चालू असतील. दगड त्यांच्यावर किंवा त्यांच्या शेजारी ठेवू नका, आणि पूर्ण वाळल्याखेरीज पेटीत बंद करू नका.